बाळाची हालचाल आणि पोटातली स्थिती : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिक आणि आसपासच्या तालुक्यांतल्या गरोदर बायका, त्यांच्या आया-सासवा आणि हल्ली बरेच नवरेही आम्हाला जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. शब्द शक्यतो विचारणाऱ्यांचेच ठेवलेत. एकदा सांगितलेली गोष्ट परत लिहिलेली नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. तुमची फाइल ज्यांच्याकडे आहे त्या डॉक्टरांनी काही वेगळं सांगितलं असेल तर त्यांचं ऐका.

घाईत असाल तर : २८ आठवडे उलटलेत आणि हालचाल नेहमीपेक्षा कमी वाटतेय, तर थेट प्रश्न ९ वर जा. रक्त जातंय, पाणी गेलंय किंवा पोट कडक होऊन सुटतच नाहीये, तर वाचत बसू नका, दवाखान्यात निघा.

## हालचाल : सुरुवातीचे प्रश्न

१. माझा पाचवा महिना चालू आहे. जावेला चौथ्यातच कळलं होतं म्हणे. मला अजून काहीच का जाणवत नाही?

पहिलटकरणीला साधारण १८ ते २० आठवड्यांच्या सुमारास पहिली हालचाल कळते, कधी २२पर्यंतही जातं. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला १६व्या आठवड्यातही कळू शकते, कारण काय ओळखायचं हे माहीत झालेलं असतं. जावेची ती दुसरी खेप असेल तर तुलनाच सोडा. बाळ हलायला लागतं ते फार आधी, सातव्या-आठव्या आठवड्यात. पण तेव्हा ते इतकं लहान असतं की आईपर्यंत काही पोचत नाही. वार (प्लासेंटा) पुढच्या बाजूला असली तरी उशीर होतो (प्रश्न १२). २४ आठवडे पूर्ण झाले आणि एकदाही काही जाणवलं नाही, तर पुढच्या तारखेची वाट न बघता दाखवून या.

२. गॅस आहे की बाळ, हे कसं ओळखायचं?

पहिले काही दिवस ओळखता येत नाही, त्यात तुमचं काही चुकत नाही. बायका सांगतात ते असं : बेंबीच्या खाली आतून हलकी टिचकी, फडफड, काहीतरी सरकल्याची जाणीव. गॅस जागा बदलत फिरतो, गुडगुडतो आणि सुटला की संपतो. टिचकी मात्र निवांत पडल्यावर त्याच भागात पुन्हा येते. बाळ मोठं होत गेलं की हा प्रश्न आपोआप मिटतो.

३. डॉक्टर आठवडे सांगतात, घरी महिने मोजतात. माझा नेमका कितवा महिना?

डॉक्टर शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात आणि ४० आठवडे, म्हणजे २८० दिवस धरतात. महिन्यांत ते नऊ महिने आणि सुमारे सात दिवस होतात, म्हणजे आजीचे नऊ महिने नऊ दिवस फारसे चुकीचे नाहीत. घोळ होतो तो मधल्या महिन्यांत. २० आठवडे म्हणजे पाचवा चालू, २४ म्हणजे सहावा निम्मा, २८ म्हणजे सातव्याचा मध्य, ३२ म्हणजे आठवा लागलेला आणि ३६ म्हणजे नववा लागून आठवडा झालेला. या पानावर शक्यतो आठवडेच वापरलेत. फोनवर डॉक्टरांशी बोलतानाही आठवडेच सांगा. ‘आठवा’ म्हटलं की कुणाला आठवा लागलेला वाटतो, कुणाला संपलेला.

४. दिवसाला किती हालचाली झाल्या म्हणजे सगळं नीट?

सगळ्यांना लागू होईल असा आकडा नाही. काही बाळं स्वभावानेच चळवळी, काही शांत. लाथ, कोपरखळी, वळणं, सरकणं, सगळं हालचालीत धरायचं. २८ आठवड्यांपर्यंत बहुतेक बाळांचा दिवसाचा एक क्रम बसतो : कधी जागं, कधी गप्प, जेवल्यावर काय, रात्री काय. तुमच्या बाळाचा हा क्रम म्हणजेच तुमचं माप. शेजारणीचं बाळ किती हलतं याचा तुमच्या बाळाशी काही संबंध नाही.

मध्ये अर्धा-पाऊण तास शांतता असली तर घाबरू नका. पोटातलं बाळ एका वेळी साधारण २० ते ४० मिनिटं झोपतं. तब्येत चांगली असलेल्या बाळाची झोप ९० मिनिटांच्या पुढे सहसा जात नाही.

५. हालचाली मोजायच्या कशा? एक डॉक्टर दहा म्हणतात, एक तीन म्हणतात.

दोघंही बरोबर आहेत, पद्धती वेगळ्या आहेत.

पहिल्या पद्धतीत दिवसातून एकदा, बाळ सहसा जागं असतं त्या वेळी (बहुतेकींना रात्रीच्या जेवणानंतर जमतं) डाव्या कुशीवर पडायचं, मोबाइल लांब ठेवायचा आणि दहा हालचाली होईपर्यंत मोजायचं. बहुतेकदा अर्ध्या-पाऊण तासात दहा भरतात. वरची मर्यादा दोन तास.

दुसरी पद्धत आपल्याकडे बरेच डॉक्टर सांगतात : सकाळ, दुपार, संध्याकाळ, प्रत्येक जेवणानंतर एक तास मोजायचं आणि दर वेळी किमान तीन हालचाली यायला हव्यात.

यातली एकच धरा आणि ती २८ आठवड्यांपासून सुरू करा. लागोपाठ चार लाथा आल्या तर काही जण ती एक धरतात, काही चार. तुम्ही रोज एकाच रीतीनं मोजलंत की झालं. कॅलेंडरवर टिंब मारलं तरी पुरतं, त्यासाठी अ‍ॅप लागत नाही.

आमचं मत विचाराल तर प्रत्येकीनं वही घेऊन बसायलाच हवं असं नाही. केवळ मोजण्यामुळे पोटातले मृत्यू कमी होतात असं अभ्यासांतून ठामपणे दिसलेलं नाही आणि काहींचा मोजून मोजून जीव टांगणीला लागतो. क्रम ओळखीचा असला की पुष्कळ झालं. मात्र बीपी, शुगर किंवा बाळाची वाढ कमी म्हणून डॉक्टरांनी मोजायला सांगितलं असेल तर चुकवू नका. आणि दहा भरल्या तरी ‘आज हे काहीतरी वेगळंच आहे’ असं वाटत असेल, तर आकड्यापेक्षा त्या वाटण्याला महत्त्व द्या (प्रश्न ९).

६. दिवसभर गप्प असतं आणि मी आडवी झाले की सुरू होतं. असं का?

एक तर संध्याकाळ-रात्रीकडे बाळं खरोखरच जास्त हलतात. दुसरं, उभं राहून कामात असताना हालचाल झाली तरी लक्षात येत नाही. द्राक्षाच्या हंगामात निफाड-दिंडोरीकडच्या बायका दिवसभर बागेत उभ्या असतात. त्यांच्याकडून ‘दिवसा हलतच नाही’ हे खूप ऐकू येतं. सातपूर-अंबडच्या कंपन्यांतल्या शिफ्टवाल्यांचंही तेच. दुपारी जेवणाच्या सुट्टीत दहा-पंधरा मिनिटं कुशीवर पडून बघा, बहुतेक वेळा बाळ जागंच सापडतं. पडूनही काही कळलं नाही तर प्रश्न ९.

७. एका लयीत ठक-ठक असं कितीतरी वेळ चालतं. ते काय?

उचकी. चांगली खूण आहे, त्रासाची नाही. हालचाल मोजताना ती धरायची नाही.

८. आई म्हणते, नवव्यात जागा पुरत नाही म्हणून बाळ गप्पच होतं. खरं का?

नाही. या पानावरचं एकच उत्तर घरात मोठ्यानं वाचून दाखवायचं असेल तर ते हे.

हालचाली साधारण ३२ आठवड्यांपर्यंत वाढत जातात आणि नंतर बाळंतपणापर्यंत जवळपास तेवढ्याच राहतात. कळा सुरू झाल्यावरही बाळ हलतं. बदलतो तो प्रकार. उलटसुलट कोलांट्या कमी होतात, आणि रेटणं, ताणणं, पोटाचा एक कोपरा वर येणं हे वाढतं. जोर बदलेल, पण दिवसाकाठी होणाऱ्या हालचाली कमी व्हायला नकोत.

वारेतून मिळणारा प्राणवायू कमी पडू लागला की बाळ ताकद राखून ठेवतं, आणि त्यासाठी आधी हलणं कमी करतं. म्हणून हालचाल घटणं ही पुष्कळदा बाळाची पहिली तक्रार असते. ती कळल्यापासून पुढचे काही तास मोलाचे असतात. ‘नवव्यात असंच होतं’ म्हणून ते घालवले जातात, आणि आमच्या मते गरोदरपणातला सगळ्यांत महाग पडणारा समज हाच आहे. आईचा यात दोष नाही. तिच्या वेळी बाळ सुखरूप आलं, म्हणून समज पक्का झाला.

९. रात्रीचे दोन वाजलेत. कालपासून हालचाल कमी वाटतेय. सकाळपर्यंत थांबू का?

थांबू नका.

हालचाल नक्कीच कमी आहे किंवा अजिबात नाही, अशी खात्री असेल तर मोजतही बसू नका, निघा. नुसती शंका असेल, दिवसभर लक्षच नव्हतं असं वाटत असेल, तर डाव्या कुशीवर पडून मोजा. दोन तासांत दहा झाल्या नाहीत तर निघा. दोन तास म्हणजे दोनच. ‘झोपून उठल्यावर बघू’ हा पर्याय नाही. घरात कुणी ‘एवढ्या रात्री कुठे’ म्हणालं तर म्हणू द्या. २४ ते २८ आठवड्यांच्या मध्येही, एकदा हालचाल कळू लागल्यावर थांबली असेल, तर त्याच दिवशी ठोके ऐकून घ्यायचे.

कुठे जायचं? जिथे नाव घातलंय तिथे, आधी फोन करून. शहरातल्या बऱ्याच छोट्या प्रसूतिगृहांत रात्री डॉक्टर हजर नसतात. म्हणून सातव्यातल्या तपासणीलाच विचारून ठेवा : ‘रात्री हालचाल कमी वाटली तर एनएसटीसाठी कुठे यायचं?’ (एनएसटी म्हणजे बाळाच्या ठोक्यांचा आलेख.) नाव कुठेच घातलेलं नसलं किंवा फोन लागत नसला तर त्र्यंबक रोडवरचं जिल्हा रुग्णालय आहे. महापालिकेची नाशिकरोडला बिटको आणि कथड्याला डॉ. झाकीर हुसेन ही रुग्णालयं आहेत. गाडीची सोय नसेल तर १०८ किंवा गरोदर मातांसाठीची १०२. सरकारी रुग्णालयात गरोदर बाईची तपासणी, औषधं, नेणं-आणणं आणि सिझरसकट बाळंतपण जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली २०११पासून मोफत आहे.

पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरीकडच्या मैत्रिणींनी तर दोन तासही मोजत बसू नये, रस्त्यातच तेवढे जातात. आशाताईंना फोन करून जवळच्या ग्रामीण रुग्णालयात आधी ठोके ऐकून घ्या, तिथून पुढे पाठवतील. आणि ज्यांची तारीख २०२७च्या ऑगस्ट-सप्टेंबरात येईल त्यांनी सिंहस्थ लक्षात ठेवा. पर्वणीच्या दिवशी रामकुंड-पंचवटीकडचे रस्ते वाहनांना बंद असतात. गोदावरीच्या कुठल्या बाजूचं रुग्णालय गाठायचं हे आधीच ठरवून ठेवलेलं बरं.

सोबत फाइल, माता-बाल संरक्षण कार्ड आणि शेवटची सोनोग्राफी घ्या. तिथे बाळाचे ठोके ऐकतात, तुमचं बीपी बघतात, आणि २८ आठवड्यांनंतर पोटाला पट्टे लावून एनएसटी काढतात. त्याला २० मिनिटं लागतात, बाळ झोपलेलं असेल तर ४०. गरज वाटली तर सोनोग्राफी. बहुतेकदा सगळं ठीक निघतं आणि घरी पाठवतात. तेव्हा ‘उगाच आले’ असं मनात आणू नका.

१०. थंड पाणी प्यायलं, गूळ-शेंगदाणे खाल्ले की बाळ हलतं ना? आधी तेच करून बघू का?

उपाशी असाल तर खा, तहान असेल तर पाणी प्या. पण गोडानं किंवा थंडानं बाळ हमखास हलतं याला पक्का आधार नाही. आणि अशक्त झालेलं बाळ एकदा हललं म्हणून ते ठीक आहे असंही ठरत नाही. हे प्रयोग करता करता वेळ जातो, खरी अडचण तीच. शंका आली की प्रश्न ९.

११. माझं बाळ खूपच हलतं. नाळ गुंडाळून घेईल अशी भीती वाटते.

जास्त हालचाल बहुतेक वेळा तब्येतीचीच खूण असते. मात्र एकदम, कधी नव्हे इतकी झटक्यासारखी हालचाल झाली आणि त्यानंतर बाळ गप्प झालं, तर लगेच दाखवा. नाळेबद्दल प्रश्न २४.

## मधले प्रश्न

१२. रिपोर्टमध्ये ‘अँटीरियर प्लासेंटा’ लिहिलंय. काही वाईट आहे का?

वार गर्भाशयाच्या पुढच्या भिंतीला आहे, एवढाच अर्थ. बाळ आणि तुमचं पोट यांच्यामध्ये जणू उशी ठेवलेली असते, म्हणून हालचाल उशिरा कळते आणि समोरून कमी, कडेनं जास्त कळते. २८ आठवड्यांच्या पुढे तुमचाही क्रम बसतो. त्यानंतर हालचाल घटली तर ‘वार पुढे आहे म्हणून’ हे कारण चालत नाही. वार खाली आहे, हा वेगळा मुद्दा. विसाव्या आठवड्यात खाली दिसलेली वार बहुतेकींची गर्भाशय वाढतं तशी वर सरकते. ३२च्या सुमारास पुन्हा सोनोग्राफी करून बघतात.

१३. मिसळ खाल्ली की बाळ उड्या मारतं, आणि विसर्जनाच्या ढोलाला दचकतं. त्रास होतो का त्याला?

तर्री बाळापर्यंत पोचत नाही. खाऊन तुम्ही निवांत बसता, म्हणून त्याचं हलणं कळतं. छातीत जळजळ होईल ती तुमच्या.

ढोलाचं मात्र खरं आहे. साधारण २५-२८ आठवड्यांपासून बाळ बाहेरच्या आवाजाला प्रतिसाद देतं, मोठ्या आवाजानं दचकतं. नाशिक ढोल लांबून ऐकायला काहीच हरकत नाही. मेन रोडवर पथकाच्या किंवा डीजेच्या भिंतीसमोर तासभर उभं राहणं टाळा. गर्दीत पोटाला धक्का लागेल हा धोका त्याहून मोठा.

१४. ऑनलाइन ठोके ऐकायचं यंत्र मिळतं. घेऊ का?

नको. सवय नसलेल्याला आईच्या स्वतःच्या रक्तवाहिनीचा आवाज बाळाचा वाटू शकतो. आणि ठोके खरोखर बाळाचे असले तरी ते त्या क्षणी जिवंत आहे एवढंच कळतं, कसं आहे ते नाही. ‘ठोके ऐकू आले, आता उद्या जाऊ’ असं म्हणून लोक थांबतात, म्हणून आमचा या यंत्राला विरोध.

१५. डाव्याच कुशीवर झोपायचं का? उठते तेव्हा मी उताणी असते.

२८ आठवड्यांनंतर झोपताना कुशीवर झोपा, डावी-उजवी कुठलीही चालेल. शेवटच्या तीन महिन्यांत उताणं झोपण्याचा पोटातल्या मृत्यूशी संबंध काही देशांतल्या अभ्यासांत आढळला आहे, कारण गर्भाशयाचा भार मोठ्या रक्तवाहिन्यांवर येतो. झोपेत उताण्या झालात तर घाबरू नका, जाग आली की कूस बदला. पाठीशी एक लोड ठेवला की बरं पडतं. मोजताना डावी कूस सांगतात, ती वेगळी गोष्ट.

१६. नवरात्राचे उपवास केले तर हालचालीवर परिणाम होतो?

पोट रिकामं आणि पाणी कमी, असं झालं की काहींना हालचाल मंदावल्यासारखी वाटते. फळं, दूध, राजगिरा, भगर खाऊन एखादा दिवस काढणं वेगळं आणि निर्जळी वेगळी. निर्जळी नकोच. शुगर असेल तर कुठलाच उपवास डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. सप्तशृंगीला बोललेला नवस बाळंतपणानंतर फेडता येतो.

१७. खड्ड्यात स्कूटर आदळली, मी पडले नाही. बाळ हलतंय. तरी दाखवायचं का?

नुसता दणका बसला, पोटाला काही लागलं नाही, दुखत नाही, रक्त नाही, तर दिवसभर लक्ष ठेवा. पडलात, पोट हँडलवर आदळलं, किंवा गोठ्यात गाईनं धक्का मारला, तर बाळ हलत असलं तरी त्याच दिवशी दाखवा. वार सुटायला लागली तर त्याची लक्षणं काही तासांनीही दिसू शकतात. तुमचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर तो आधी सांगा, अँटी-डी इंजेक्शन ७२ तासांच्या आत द्यावं लागतं.

## बाळाची स्थिती

१८. सोनोग्राफीच्या कागदावर ‘सेफॅलिक’, ‘ब्रीच’, ‘एएफआय’ असं काय काय असतं. साध्या भाषेत सांगाल का?

सेफॅलिक म्हणजे डोकं खाली. ब्रीच म्हणजे ढुंगण किंवा पाय खाली, आपण म्हणतो ते पायाळू. ट्रान्सव्हर्स म्हणजे आडवं, ऑब्लिक म्हणजे तिरकं. एफएचआर म्हणजे ठोके, मिनिटाला ११० ते १६० ठीक. एएफआय म्हणजे गर्भजलाचं माप, साधारण ५ ते २५ सेंटिमीटर ठीक. ‘व्हेरिएबल’ किंवा ‘अनस्टेबल’ लिहिलं असेल तर बाळ जागा बदलतंय. पाचव्या-सहाव्या महिन्यात ते बदलायलाच हवं.

१९. हात लावून मला कळेल का डोकं कुठे आहे ते?

३४-३५ आठवड्यांनंतर अंदाज येतो. डोकं गोल आणि कडक लागतं, हलकेच ढकललं तर तेवढंच हलतं. ढुंगण मऊ, ते ढकललं की सगळं अंग सरकतं. एका बाजूला लांब, भरीव लागते ती पाठ. जोरदार लाथा बरगड्यांखाली येत असतील तर डोकं बहुधा खाली आहे. खाली मूत्राशयावर लाथा आणि वर बरगडीपाशी गोल टणक काही, असं असेल तर बाळ पायाळू असू शकतं. अंदाज चुकतो, जाणत्या डॉक्टरांचाही कधीकधी चुकतो, म्हणून तर सोनोग्राफी.

२०. ३० आठवडे झाले आणि बाळ पायाळू आहे. आता सिझरच का?

आता काहीच ठरवू नका. २८व्या आठवड्यात चारांतलं एक बाळ पायाळू असतं, दिवस भरेपर्यंत शंभरात तीन-चार उरतात. बाकीची स्वतःच फिरतात. ३६पर्यंत वाट बघायची.

२१. गावाकडची सुईण तेल लावून बाळ फिरवते. आणि बसून फरशी पुसली की डोकं खाली येतं म्हणतात.

सुईणीच्या हाताला मान आहे, पण पोट चोळून बाळ फिरवून घेऊ नका. वार कुठे आहे, नाळ कशी आहे, पाणी किती आहे हे न बघता जोर लावला तर वार सुटू शकते, आणि तिथे रक्तस्राव थांबवायची सोय नसते.

फरशी पुसल्यानं काही बिघडत नाही, पाठीला बरंही वाटेल. पण हात-गुडघ्यांवर केलेल्या व्यायामानं जन्माच्या वेळची बाळाची स्थिती बदलते असं अभ्यासात दिसलेलं नाही. सुनेकडून घर पुसून घ्यायला दुसरं कारण शोधावं लागेल.

२२. ३७ आठवडे झाले, अजून पायाळूच. मग पुढे काय?

तीन वाटा आहेत. एक, डॉक्टरांनी पोटावरून हातानं बाळ फिरवणं. पहिलटकरणीला ३६ आठवड्यांनंतर, इतरांना ३७नंतर करतात. साधारण निम्म्या वेळा यश येतं. आधी-नंतर ठोके बघतात, निगेटिव्ह रक्तगटाला अँटी-डी देतात, आणि क्वचित तातडीचं सिझर लागतं म्हणून ते ऑपरेशन थिएटर असलेल्या ठिकाणीच करायचं. वार खाली असेल, रक्तस्राव झाला असेल किंवा जुळं असेल तर करत नाहीत. आधी सिझर झालं असेल किंवा पाणी कमी असेल तर डॉक्टर ठरवतात. हे सगळीकडे होत नाही, पण ‘माझ्या बाबतीत जमेल का’ हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

दुसरी वाट ठरवून केलेलं सिझर. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासानंतर बहुतेक ठिकाणी हाच रिवाज पडला. तिसरी, खालून बाळंतपण. काहींना ते जमू शकतं, पण त्यात हातखंडा असलेले डॉक्टर आणि तयार थिएटर हवं. हल्ली असे हात कमी उरलेत.

पायाळू माणसाच्या लाथेनं कंबरदुखी जाते, त्याला विजेचं भय असतं, या गोष्टी बारशाला सांगायला मजेच्या. डॉक्टरांना वेगळं बघायचं असतं : पायाळू बाळांत खुब्याचा सांधा सैल असण्याचं प्रमाण जास्त असतं, म्हणून साधारण सहाव्या आठवड्यात खुब्यांची सोनोग्राफी करून घ्या. खालून झालं असो की सिझर, आणि शेवटी फिरलं असलं तरीही.

२३. बाळ आडवं आहे. डॉक्टर आधीच ॲडमिट व्हा म्हणतात. दुखत तर काहीच नाही.

त्यांचं बरोबर आहे. चार-पाच बाळंतपणांनी सैल झालेलं पोट, खालची वार, जास्त पाणी, गाठ किंवा गर्भाशयाचा आकार यांमुळे बाळ आडवं राहतं. ते तसंच राहिलं तर खालून जन्मू शकत नाही. पण भीती त्याहून वेगळी. घरी पाणमोट फुटली तर खाली डोकं नसल्यामुळे नाळ बाहेर घसरू शकते आणि काही मिनिटांत बाळाचा रक्तपुरवठा तुटतो. म्हणून ३७ आठवड्यांनंतर दवाखान्यात राहायला सांगतात. घरीच पाणी गेलं आणि योनीत नाळ लागली, तर तिला हात लावू नका. गुडघे आणि छाती टेकून, ढुंगण वर करून राहा आणि दुसऱ्याला १०८ लावायला सांगा. बाळ पाय खाली करून असेल तरीही हेच लागू.

२४. नाळेचा एक वेढा मानेभोवती आहे म्हणे. जीव घाबरा झालाय.

जन्माच्या वेळी चार-पाच बाळांतल्या एकाच्या मानेभोवती वेढा सापडतो, आणि बहुतेकदा डोकं बाहेर आल्यावर डॉक्टर तो बोटानं सोडवतात. बाळ पोटात नाकानं श्वास घेत नाही, त्यामुळे गळफासाचा हिशेब इथे लागू नाही. केवळ वेढा आहे म्हणून सिझर लागत नाही. हालचालीकडे लक्ष मात्र नेहमीसारखंच ठेवायचं.

२५. ३८ आठवडे झाले, डोकं अजून ‘फिक्स’ नाही. आणि पाठ मागे आहे म्हणतात.

पहिल्या खेपेला डोकं बहुधा ३६नंतर खाली बसतं, दुसरीला पुष्कळदा कळा सुरू झाल्यावरच. न बसलेलं डोकं म्हणजे सिझर, असं समीकरण नाही.

बाळाची पाठ तुमच्या पाठीकडे असली तर लाथा समोर बेंबीपाशी लागतात आणि कळा कंबरेत जास्त येतात. बाळंतपण लांबू शकतं. बहुतेक बाळं कळांमध्येच वळतात.

२६. लाथा उजवीकडे, पोट टोकदार, म्हणजे मुलगाच ना?

नाही. लाथा कुठे लागतात ते बाळाच्या आणि वारेच्या जागेवर ठरतं. लिंग विचारणं आणि सांगणं, दोन्ही १९९४च्या कायद्यानं गुन्हा आहे. हा प्रश्न आम्हाला पुन्हा पाठवू नका.

## अडचणीचे अपवाद

२७. जुळं आहे. कोण हललं ते कसं कळणार?

नेहमी कळत नाही, कळायलाच हवं असंही नाही. एकूण क्रम आणि शक्य असेल तर डावी-उजवी बाजू लक्षात ठेवा. एक बाजू नेहमीपेक्षा शांत वाटली तरी दुसरं हलतंय म्हणून थांबू नका. जुळ्यांची तपासणीच जास्त वेळा असते, ती चुकवू नका.

२८. फुप्फुसांसाठी स्टेरॉइडची इंजेक्शनं दिली आणि हालचाल मंदावली.

दिवस भरण्याआधी बाळंतपण होईल असं वाटलं की ही इंजेक्शनं देतात. त्यानंतर दोन-तीन दिवस हालचाल काहीशी कमी होऊ शकते आणि मग पूर्ववत होते. पण ज्यांना ती देतात त्या आधीच जोखमीच्या असतात. त्यामुळे ‘इंजेक्शनमुळे असेल’ हे तुम्ही ठरवू नका, डॉक्टरांना ठरवू द्या. झोपेच्या किंवा तीव्र वेदनाशामक औषधांनाही हेच लागू.

२९. दोनदा जाऊन आले, दोन्ही वेळा एनएसटी नॉर्मल. आज पुन्हा कमी वाटतंय. तिसऱ्यांदा जायला लाज वाटते.

जा. एनएसटी त्या वेळचं सांगते, पुढच्या आठवड्याची हमी देत नाही. उलट हालचाल वारंवार कमी वाटणं हीच स्वतंत्रपणे बघण्याची गोष्ट आहे. तिथे स्पष्ट सांगा : ‘ही तिसरी वेळ आहे. बाळाची वाढ, पाणी आणि नाळेतला रक्तप्रवाह बघणारी सोनोग्राफी करायची का?’ तारखा कागदावर लिहून न्या. आठवडे किती झालेत त्यावरून डॉक्टर बाळंतपण लवकर करायचं का याचाही विचार करतील. कुणी ‘फार घाबरतेस’ म्हणालं तर ठोके आणि एनएसटी होईपर्यंत बाकड्यावरून उठू नका.